चिलर डाव्या कानाला

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ही वही हिने आणवली. दुकानदाराला फोन करून, चांगली जाड, रेघांची. माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "घ्या. कंपनी कुणी घेतली, का घेतली, आता काय होणार, ते सगळं यात लिहा. आल्यापासून तेच दळण दळताय, माझे कान किटले."

मी म्हटलं, "अगं, पण तुला वाचता कुठे येणार आहे?"

"म्हणूनच तर दिली. मोकळेपणाने लिहा. माझ्याबद्दल काही वाईटसाईट लिहायचं असेल तर तेही उरकून घ्या."

अशी आमची ही. डोळे गेले, पण जीभ जागच्या जागी आहे.

तर लिहितो. आमचं डेटा सेंटर विकलं गेलं. ज्या इमारतीत बँकांचे, दवाखान्यांचे, कुणाकुणाचे सर्व्हर दिवसरात्र चालू असतात, ती अख्खी इमारत, बाजूच्या विजेच्या सबस्टेशनसकट आणि आम्ही राहतो त्या क्वार्टर्ससकट एका बड्या टेक्नॉलॉजी कंपनीने घेतली. आज साहेबांनी कॅन्टीनमध्ये सांगितलं आणि नंतर कुणाच्या हातून धड काम झालं नाही.

मी इथला कूलिंगचा सुपरवायझर. सर्व्हर तापतात, त्यांना थंड ठेवायचं, एवढंच माझं काम. त्यासाठी इमारतीमागे चिलर आहेत, खोल्यांएवढाली यंत्रं. त्यांची घरघर कधी थांबत नाही. क्वार्टर्समध्ये नवीन राहायला आलेला माणूस आठवडाभर डोकं धरून बसतो, मग त्याला तो आवाज ऐकूच येईनासा होतो.

हिला मात्र तो रोज ऐकू येतो, कारण ती त्याच्यावर चालते. हिच्या डोळ्यांचे पडदे हळूहळू गेले, आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. पण या घरात आणि मागच्या अंगणात ती कुणाचा हात धरत नाही. रीत तिची तिनेच बसवली आहे. कपडे वाळत घालायला जाताना चिलर डाव्या कानाला, परत येताना उजव्या कानाला. दाराशी आली की भिंतीआड आवाज दबतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तोच बारीक होऊन येतो, त्यावरून ओटा कुठे ते कळतं. चहा तीच करते. मी गॅसजवळ गेलो तर "तुम्ही फक्त सांडून ठेवणार" म्हणून हाकलते.

आता मूळ प्रश्न. एवढ्या बड्या कंपनीला आमचं हे जुनं सेंटर कशाला हवं? इलेक्ट्रिकल विभागातला आमचा वार्ताहर (सगळ्या बातम्या त्याला आधी कळतात, निम्म्या तोच तयार करतो) म्हणतो, सर्व्हरसाठी. मला नाही पटत. सर्व्हर काय, बाजारात मिळतात. इतकी वर्षं एक क्षणही बंद न पडू देता ते चालवणारी माणसं बाजारात मिळत नाहीत. त्यांनी आम्हाला घेतलंय. हे मी हिला सांगितलं, तर म्हणाली, "वहीत लिहा."


गुरुवार, ५ फेब्रुवारी

हिच्या दादाचा, म्हणजे माझ्या मेहुण्यांचा फोन. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय. दाराबाहेर लगेच बाग. "भाऊजी, घेऊन टाका. कंपनी विकली म्हणजे क्वार्टर्सचा काय भरवसा? आत्ता आलात तर तिला सावकाश सवय होईल. तुमची नोकरी चालू आहे, घाई नाही. महिनाअखेरपर्यंत मालकाला थोपवतो."

मी साफ नाही म्हटलं. इथे ही मोकळी फिरते. तिथे नवं घर, नव्या भिंती, रस्त्यावरचे हॉर्न. तिथे ती खुर्चीत बसून राहील. आणि उद्या नवी कंपनी मला म्हणाली की अजून पाच-सहा वर्षं थांबा, तर मी काय तिथून बसने येऊ?

फोन ठेवल्यावर हिने विचारलं, "बाग मोठी आहे का हो?"

मी म्हटलं, "तुला काय करायची आहे बाग? इथलं अंगण काय वाईट आहे?"

"वाईट कुठे म्हणतेय," ती म्हणाली. संपला विषय.


शनिवार, १४ फेब्रुवारी

कॅन्टीनमध्ये आज संसद भरली होती. विषय एकच, यांनी हे का घेतलं असेल.

अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, जागेसाठी. शहर इकडेच वाढतंय. गेटवरचा सुरक्षारक्षक म्हणाला, "नाही हो. दुसऱ्या कंपनीला मिळू नये म्हणून घेतलंय. घेतील आणि कुलूप लावतील." वार्ताहर टेबलावर हात आपटून म्हणाला, "एआय! लोक त्या यंत्राला दिवसभर प्रश्न विचारतात, त्याच्या उत्तरांना जागा पुरत नाही." मग आवाज खाली आणून, "आणि लोकांचा जुना माल. फोटो, पत्रं. तेच खरं सोनं आहे."

मी म्हटलं, "माझ्या लग्नातले फोटो बघून कुणी श्रीमंत होणार असेल तर होऊ दे बाबा. आम्हाला तर काही मिळालं नाही." सगळे हसले. तेवढ्यात साहेब आले आणि म्हणाले, "काळजी करू नका, काहीही बदलणार नाही." साहेबांनी हे न विचारता सांगितलं, ते मला जरा खटकलं. पण साहेब मुळात घाबरट.

घरी आल्यावर ही कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सगळ्यांची मतं ऐकवली, प्रत्येकाच्या आवाजाची नक्कल करून. अकाउंट्सच्या बाईंची नक्कल माझी फार छान होते. ही पोट धरधरून हसली. मग घडी हातात तशीच ठेवून म्हणाली, "पण या सगळ्यात चिलर कुणाला हवेत?"

"अगं, सर्व्हर आले की चिलर आलेच. ताप आला की औषध आलंच."

"हं," म्हणाली, आणि घडी पुरी केली.


सोमवार, २ मार्च

आज नव्या कंपनीचे लोक आले. म्हणजे प्रमुख एक मुलगीच, असेल तिशीची. हातात सारखा टॅब. वार्ताहराने लगेच बारसं केलं, टॅबवाली. पण मुलगी नम्र. मला काका म्हणाली.

मी कालच सर्व्हरचे सगळे हॉल झाडूनपुसून घेतले होते, पाइपांना रंगाचा हात मारला होता. तर ही बाई हॉलमध्ये आलीच नाही! काचेतून डोकावली आणि म्हणाली, "सबस्टेशन बघू या का?" उरलेला सगळा वेळ आम्ही सबस्टेशनमध्ये. बाहेरून लाइन कुठून येते, मंजूर वीज किती, त्यातली वापरता किती. साहेब चाचरायला लागले. मला राहवेना. मी म्हटलं, "निम्मीसुद्धा वापरत नाही आम्ही. बाकी सगळी मोकळी आहे. तुम्ही आणा किती सर्व्हर आणायचे ते." आणि नुसतं बोललो नाही. मुख्य पॅनेलसमोर उभं करून मीटर दाखवले. वार्ताहराला सांगून एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूला घेतला, आत एकही दिवा लुकलुकला नाही. तिचे डोळे चमकले. "काका, तुम्ही आमचं काम फार सोपं केलंत," म्हणाली. साहेबांचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं. मत्सर, दुसरं काय.

जाताना क्वार्टर्सपाशी थांबली. ही तेव्हा कपडे वाळत घालत होती. टॅबवाली बराच वेळ बघत राहिली. "त्यांना दिसत नाही?" मी सगळं समजावलं, जाताना डावा कान, येताना उजवा. मला वाटलं तिला गंमत वाटेल. तिने टॅब खाली घेतला. नंतर म्हणाली, "आमच्या नव्या यंत्रांना पाणी थेट आतूनच फिरवतात, काका. आवाज जवळजवळ नसतोच."

पोरगी आपल्या कंपनीची बढाई मारते, मारू दे. चिलरशिवाय डेटा सेंटर म्हणजे चुलीशिवाय स्वयंपाकघर.

घरी येऊन हिला म्हटलं, "आपलं नाणं खणखणीत वाजलं आज."


बुधवार, ११ मार्च

जुन्या गिऱ्हाइकांचे सर्व्हर जायला लागले. ट्रक येतात, माणसं खोक्यात भरून नेतात. पहिला हॉल रिकामा झाला. वार्ताहराचा चेहरा उतरला. मी त्याला झापलं, "अरे, जुनं काढल्याशिवाय नवं कुठे बसवणार? डोक्यावर?" रिकाम्या हॉलचा चिलर बंद केला. तात्पुरता.

हिने जेवताना विचारलं, "आवाज पातळ झालाय का हो?"

"थंडी आहे अजून. यंत्रांना काम कमी."

"थंडी मागच्या वर्षीही होती."

मी म्हटलं, तुझे कान वाजताहेत. त्यावर नवीनच खूळ. म्हणे मला मागच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत घेऊन चला, पंपघराच्या पलीकडे. तिथे बघण्यासारखं काय आहे? रिकामी जागा आणि भंगार. चिलरचा आवाजसुद्धा पंपघराच्या आड जातो तिथे. नेऊन आणलं. भिंतीला हात लावून उभी राहिली, कान देऊन. मग हात सोडून दोन पावलं टाकली आणि थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. उद्या परत आणाल?"

बायकांची खुळं, काय करणार. म्हटलं, आणीन.


रविवार, २९ मार्च

मेहुण्यांचा फोन. तळमजल्यावरचा फ्लॅट गेला. एका शिक्षिकेने घेतला. मालकाला त्यांनी महिनाभर जास्तच थोपवलं होतं, बिचारे. मला मनातून सुटल्यासारखं झालं. आता निदान रोज रोज तो विषय नको.

हिला सांगितलं. ती इस्त्री करत होती. माझा शर्ट ती बोटांनी चाचपत करते, एक सुरकुती राहत नाही. म्हणाली, "चांगलं झालं, शिक्षिका म्हणजे झाडं लावेल." बस, एवढंच. मग बऱ्याच वेळाने, "दादाकडे तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट आहे ना?"

मी म्हटलं, "तुला कुठे जायचंय तिसऱ्या मजल्यावर?"

"सहज विचारलं."


मंगळवार, ७ एप्रिल

आज माझं डोकंच फिरलं. दुपारी जेवायला घरी आलो तर घर उघडं आणि ही नाही. अंगणात नाही, शेजारी नाही. हाका मारत पंपघरापलीकडे गेलो तर कुंपणाच्या भिंतीपासून जरा अंतरावर जमिनीवर बसलेली. दोन्ही गुडघे फुटलेले, तळहातात खडे रुतलेले. भिंत अगदी हाताशी होती, पण तिला कळत नव्हतं कुठल्या बाजूला. कधीपासून बसली होती कोण जाणे.

मी ओरडलो. फार ओरडलो. "कशाला तडफडायला आलीस इकडे? घरात काय काटे टोचत होते?"

ती म्हणाली, "फिरायला आले होते."

"इथे? आवाज येत नाही इथे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

जखमा धुऊन पट्ट्या लावल्या. पुन्हा तिकडे एकटी गेलीस तर याद राख म्हणून बजावलं. तिने मान हलवली. नंतर चहा केला, नेहमीसारखा, एक थेंब न सांडता. मी प्यायलो, पण राग गेला नाही. अजून नाही गेला. या बाईला झालंय तरी काय?


शुक्रवार, २४ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही. पण हिला सांगता येत नाही, म्हणून इथे.

टॅबवाली आली होती. बरोबर मोजणी करणारे. क्वार्टर्सच्या भिंतींवर लाल रंगाने फुल्या मारत होते. मी म्हटलं, "हे काय चाललंय?" ती माझ्याकडे बघतच राहिली.

"काका, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

साहेबांनी नव्हतं सांगितलं. साहेब परवापासून रजेवर आहेत.

तिने मला पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. कपडे मळतील याचा विचार केला नाही, हे मी मान्य करतो. म्हणाली, नव्या सेंटरला वीज मागितली तर मिळायला वर्षानुवर्षं लागतात, रांगच तेवढी मोठी आहे. ज्याच्याकडे मंजूर वीज आहे असं जुनं सेंटर विकत घेतलं की रांग नाही. त्यांना फक्त सबस्टेशन हवं होतं. इमारत पाडणार. त्यांच्या नव्या यंत्रांचं वजन ह्या मजल्यांना झेपत नाही, आणि ती थंड करायला आमचे चिलर चालत नाहीत. क्वार्टर्स पाडणार. माणसं त्यांची आहेत, थोडीच लागतात.

मी विचारलं, "मग आम्हाला का नाही विचारलं कुणी, काय येतं ते?"

ती म्हणाली, "विचारलं होतं ना. तुमच्या साहेबांना. ते सांगत होते, वीज सगळी वापरात आहे, काढून घेता येणार नाही, सेंटर आहे तसंच चालू ठेवा. आमच्याकडे दोन्ही विचार होते, ठेवायचं की पाडायचं." मग हळूच, "त्या दिवशी तुम्ही मीटर दाखवलेत."

एवढे दिवस मी साहेबांना घाबरट म्हणत होतो. तो माणूस आम्हाला वाचवत होता आणि मी पाइपांना रंग देत होतो.

जाताना ती म्हणाली, "काकूंसाठी मला फार वाईट वाटतं." खरंच वाटत असणार. पण तिच्या वाईट वाटण्याचं मी काय करू?


शनिवार, २५ एप्रिल

सांगितलं. कसं सांगावं याची रात्रभर जुळवाजुळव केली होती आणि सकाळी तोंडातून एवढंच निघालं, "अगं, बंद होणार सगळं."

ती म्हणाली, "हो."

"हो काय?"

"मला माहीत आहे. मार्चपासून एकेक आवाज कमी होतोय. आधी तो भरड्या आवाजाचा गेला, मग त्याच्या शेजारचा. आता दोनच उरलेत. नवीन यायचे असते तर एखादा तरी परत सुरू झाला असता ना?"

मी कपाळाला हात लावून बसलो. आणि मग माझ्या बुद्धीत उजेड पडला. "तू त्या भिंतीपाशी..."

"सराव करत होते. आवाज नसला तर चालता येतं का बघत होते." मग म्हणाली, "नाही येत हो. मी खूप प्रयत्न केला. भिंत सोडली की मी कुठेच नसते."

मी रडलो. लिहायला लाज कसली, ही वाचणार थोडीच. मोठ्याने रडलो. म्हटलं, "मग बोलली का नाहीस? तळमजल्याचा फ्लॅट होता, बाग होती, मी तुला रोज हात धरून..."

तिने माझं तोंड चाचपलं, पदराने पुसलं. "तुम्ही रोज इतक्या खुशीत घरी यायचात. नक्कल काय करत होतात, पाइप काय रंगवत होतात. म्हटलं, असू दे. मी शिकले तर तुम्हाला कळायच्या आधी शिकून होईल."

मी आयुष्यभर यंत्रांचा बारीकसा खरखराट ओळखून दुरुस्त्या केल्या. ही माझ्या शेजारी बसून विचारत होती, आवाज पातळ झालाय का, आणि मी तिला सांगितलं, तुझे कान वाजताहेत.


मंगळवार, १२ मे

मेहुण्यांशी बोललो. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याच घरातली एक खोली आणि पलीकडचं छोटं स्वयंपाकघर देताहेत. एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं. वार्ताहर घरी येऊन गेला, त्याला दुसरीकडे नोकरी लागली. नेहमीसारखी बातमी मात्र एकही आणली नाही. हिच्या पाया पडला आणि गेला.


शनिवार, ३० मे

आज शेवटचा चिलर बंद केला. माझ्या हाताने. दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

हिला सांगून ठेवलं होतं, तू घरात बस, खाटेवर बस, मी बंद करून लगेच येतो. ती म्हणाली, बसते. आणि मला वाटतं, बसलीही असेल. पण दोरीवर कपडे राहिले होते. सामान बांधायचं म्हणून आणायला गेली असणार. तिला वाटलं, तेवढ्यात होईल.

बटण दाबलं. ते यंत्र एकदम थांबत नाही. आधी सुस्कारल्यासारखं होतं, मग पंखे मंदावत मंदावत बंद पडतात. मी त्याच्या अंगावर हात ठेवून उभा होतो, गरम होतं. मग बाहेर आलो आणि पाहिलं.

ती अंगणाच्या मधोमध होती. एका हातावर कपडे. दुसरा हात समोर पसरलेला, हवेत. घर तिच्या मागे होतं आणि ती कुंपणाकडे तोंड करून उभी होती. इतका शुकशुकाट मी इथे कधी ऐकलेला नाही. कुठूनतरी एका पाखराचा आवाज आला, ते रोजच ओरडत असेल.

ती म्हणाली, "अहो?" ओरडून नाही, हळूच. "अहो, कुठे आहात?"

"इथे आहे."

"इथे म्हणजे कुठे? बोलत राहा ना. काहीतरी बोला."

आणि मला काही सुचेना. एवढा बडबड्या माणूस मी. तेव्हा जे तोंडात आलं ते बोललो. "अकाउंट्सच्या बाई म्हणतात, जागेसाठी घेतलं. शहर इकडेच वाढतंय."

ती वळली. आवाजाकडे तोंड केलं.

"सुरक्षारक्षक म्हणतो, कुलूप लावायला घेतलं. दुसऱ्याला मिळू नये." तिने एक पाऊल टाकलं. "वार्ताहर म्हणतो, एआय! लोकांच्या प्रश्नांना जागा पुरत नाही. आणि जुने फोटो. आपल्या लग्नातले सुद्धा. सोनं आहे म्हणे." मी नकला करत होतो. बाईंचा आवाज काढला, वार्ताहराचा काढला, आणि ती येत होती, पाय घासत, दगड चाचपत. मधे थांबली तसा मी ओरडलोच, "आणि एक गाढव म्हणतो, आम्हाला घेतलंय! आमच्यासारखी माणसं मिळत नाहीत बाजारात!"

तिचा हात माझ्या छातीला लागला. कपडे खाली पडले होते सगळे, वाटेभर.

"खरंच नाही मिळत," ती म्हणाली.


बुधवार, १ जुलै

दादांच्या घरी येऊन आता बरेच दिवस झाले. सगळे फार चांगले आहेत. वहिनी हिला कशालाही हात लावू देत नाहीत.

काल मी टेबलफॅन आणला. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आणि मोठ्यावर लावला. म्हटलं, "बघ, हा डाव्या कानाला आला की दार. समोर आला की ओटा. बसव परत आपली रीत." ती खाटेच्या कडेला बसली होती. ऐकलं तिने. म्हणाली, "छान आहे. बारीक आहे जरा, पण छान आहे." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, एवढं आता मला कळतं. उठली नाही. खाली रस्ता आहे, त्याचा आवाज सगळीकडून सारखाच येतो, त्यात फॅन विरून जातो. मी शेवटी तो बंद केला.

मी घरात बोलत असतो. वर्तमानपत्र वाचतो, उगाच काहीतरी सांगतो. तोपर्यंत ती माझ्या दिशेने दोन-चार पावलं येते. पण माणूस किती बोलणार? आणि मी दूध आणायला खाली गेलो की ती होती तिथेच बसून राहते, परत येईपर्यंत.

आज बाहेरून आलो. ती खाटेवर, पाय जमिनीला टेकवलेले, हात मांडीवर. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली. तिने तोंड माझ्याकडे वळवलं.

म्हणाली, "अहो, चहा तुम्हीच करता का आज?"

मी केला. थोडा सांडला. ती काही बोलली नाही.